कर भरतो आम्ही, हिशोब कुठे मागायचा?

वाचकांचे प्रश्न : राज्याचा खर्च, व्यापाऱ्यांचे कर आणि मतदाराच्या हातातले उपाय

या वेळी पत्रांचा सूर एकच होता: पैसे आमचे, उधळपट्टी त्यांची. त्यातले नुसते रागाचे भाग बाजूला ठेवून, ज्यांना नेमके उत्तर देता येते असे प्रश्न घेतले आहेत.

माझे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. जीएसटी, व्यवसाय कर, नगरपालिकेचा कर, शिवाय लाइट बिलातले कर. एवढे सगळे देऊनही सरकारची तिजोरी रिकामीच. यातले राज्याला नेमके काय जाते? त्यात आता व्यवसाय कराची मागच्या वर्षांची नोटीस आली आहे.
— दुकानदार, बार्शी

आधी नोटीस. व्यवसाय कराचे दोन क्रमांक असतात आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. तुमच्या स्वतःच्या धंद्याचा कर म्हणजे पीटीईसी, त्याचा क्रमांक 99 ने सुरू होतो. वर्षाला 2,500 रुपये, मुदत 30 जून. नोकरांच्या पगारातून कापून भरायचा तो पीटीआरसी, क्रमांक 27 ने सुरू होतो. जीएसटी क्रमांक आहे पण पीटीईसी नाही, अशा व्यापाऱ्यांना नोटिसा निघतात. तुमची तशीच असेल तर घाबरू नका: नोंदणीच न केलेल्या व्यक्तीकडून मागच्या चार वर्षांपलीकडचा कर मागता येत नाही. व्याज आणि दंड मात्र लागतो. नोंदणी आधीच असेल आणि पैसेही भरले असतील तर एमटीआर-6 चलन (कर भरल्याचा सरकारी कागद) काढून बघा. पीटीईसीचे पैसे पीटीआरसीच्या क्रमांकावर भरले गेलेत किंवा वर्ष चुकीचे निवडले गेलेय, असे हमखास निघते. चलनाची प्रत जोडून लेखी उत्तर द्या. फोनवर मिटले असे समजू नका.

नोकराचा हिशोबही तपासा. पुरुष कामगाराला 7,500 रुपयांपर्यंतच्या पगारावर काही नाही, 10,000 पर्यंत महिना 175, त्यापुढे 200 आणि फेब्रुवारीत 300. महिला कामगाराला एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत माफी आहे, तरी कित्येक दुकानांत जुन्याच सवयीने कपात चालू असते. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा पीटीईसी वेगळा. 65 वर्षांपुढच्या व्यक्तीला आणि 40 टक्के किंवा जास्त कायमचे अपंगत्व असलेल्याला हा कर माफ आहे.

आता राज्याला काय जाते ते. नगरपालिकेची घरपट्टी पालिकेकडेच राहते. जीएसटीचा एसजीएसटी हा अर्धा भाग राज्याचा, पण तो गिऱ्हाईक देतो, तुम्ही गोळा करून भरता. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक टक्के कराची योजना) असाल तर तो तुमच्या खिशातून जातो. शिवाय जीएसटीचा दर एकट्या महाराष्ट्राला बदलता येत नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतात. व्यवसाय करालाही राज्यघटनेच्या कलम 276 ने 2,500 ची कमाल मर्यादा घातली आहे, ती 1988 पासून तीच आहे. म्हणजे ज्या दोन करांवर व्यापारी सर्वात जास्त बोलतात, त्यांत मुंबईतल्या सरकारला फारसे हात-पाय हलवता येत नाहीत.

राज्याच्या पूर्ण हातात असलेला कर तुमच्या लाइट बिलात आहे. बिल उलगडून बसा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा. त्या बेरजेवर वाणिज्यिक ग्राहकाला 21 टक्के वीज शुल्क लागते, घरगुतीला 16, आणि त्याखाली वीज विक्री कर वेगळा. बेरीज 6,000 असेल तर शुल्क महिना 1,260, वर्षाला 15,120 रुपये. व्यवसाय कराच्या सहापट! ही रक्कम वीज कंपनीची नाही, सरकारची. तरी मोर्चे निघतात ते जीएसटी कार्यालयावर.

आणखी एक चूक टाळा. वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावणीत व्यापारी संघटना वीज शुल्काचा मुद्दा मांडतात आणि तो दरवेळी बाद होतो, कारण आयोग फक्त दर ठरवतो. शुल्काचे निवेदन ऊर्जा विभागाला आणि आमदाराला द्यायचे. पेट्रोलवरचा व्हॅट (25 टक्के अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे) आणि डिझेलवरचा 21 टक्के व्हॅटही असाच, सर्वस्वी राज्याचा. तो वित्त विभागाचा विषय.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो. मग जूनमध्ये पुरवणी मागण्या, डिसेंबरमध्ये पुन्हा. मग अर्थसंकल्पाला अर्थ काय?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

पुरवणी मागणी मुळात बेकायदा नाही. घटनेच्या कलम 205 मध्ये तिची सोय आहे. पूर आला, न्यायालयाने देणी चुकवायला सांगितली, केंद्राची नवी योजना आली, तर वर्षाच्या मधे पैसे लागणारच. प्रश्न आकाराचा आहे. 10 मार्च 2025 रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी आणि म्हणून महसुली तूट 45,891 कोटी होती. चार महिनेही झाले नव्हते, तोच 30 जूनला 57,509.71 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात आणखी 75,286.37 कोटी.

पण वर्तमानपत्रातला ठळक आकडा घेऊन भांडायला जाऊ नका, समोरचा अधिकारी एका वाक्यात गप्प करील. जूनच्या 57,509 कोटींतला निव्वळ भार 40,644.69 कोटी होता. बाकीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली किंवा तेवढीच जमा होणारी. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत ढोबळ रकमेची फोड असते: अनिवार्य खर्च 19,183.85 कोटी, कार्यक्रमांवरचा 34,661.34 कोटी, केंद्रपुरस्कृत योजनांसाठी 3,664.52 कोटी. बोट ठेवायचे ते मधल्या आकड्यावर. अनिवार्य खर्चात निवडीला वाव नसतो. कार्यक्रमांवरचा खर्च मार्चमध्ये ठाऊक नव्हता का, हा रास्त प्रश्न आहे. आमचे मत विचाराल तर बऱ्याचदा ठाऊक असतो. मार्चमध्ये तूट कमी दिसावी म्हणून तो मागे ठेवला जातो.

पुस्तिका वाचताना लेखाशीर्षाचे (खर्चाच्या बाबीचा सांकेतिक क्रमांक) पहिले चार आकडे बघा. 2 किंवा 3 ने सुरू झाले तर महसुली खर्च, म्हणजे पगार, अनुदान, व्याज, दुरुस्ती. 4 किंवा 5 ने सुरू झाले तर भांडवली, म्हणजे काहीतरी बांधले जाणार. 6 आणि 7 कर्जे. 2049 व्याज, 2071 निवृत्तिवेतन, 3054 रस्त्यांची देखभाल, 5054 नवे रस्ते. एवढे पाठ असले की दोनशे पानांची पुस्तिका तासाभरात चाळता येते. पुढची पायरी म्हणजे वित्त विभागाची बीम्स प्रणाली. तिथे तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन वेगळे आकडे मिळतात. सभागृहात घोषणा होते ती पहिल्या आकड्याची आणि ठेकेदाराचे बिल निघते ते दुसऱ्यातून. हे दोन आकडे एकमेकांपासून लांब दिसले की कामे का रखडली ते वेगळे विचारावे लागत नाही.

‘लाडकी बहीण’ आमच्या करातून चालते. करदाता म्हणून कोर्टात जाता येईल?
— सनदी लेखापाल, ठाणे

जाता येते, टिकत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अशीच जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. योजना आणणे हा सरकारच्या धोरणाचा भाग, असे न्यायालयाचे म्हणणे. 2025-26 साठी योजनेची तरतूद 36,000 कोटींची होती, महसुली जमेच्या साधारण साडेसहा टक्के. आक्षेप घ्यायचाच तर पात्रतेच्या पडताळणीवर घ्या. तिथे कागद मागता येतो.

गावच्या रस्त्यावर फलक लागला, नारळ फुटला, काम अर्धवट. विचारले की ‘निधी नाही’. खरे-खोटे कसे कळणार?
— ग्रामपंचायत सदस्य, तालुका भूम

पहिल्यांदा रस्ता कोणाचा ते ठरवा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला तर त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायला हवा, पण प्रत्यक्षात महिना जातो.

मग पैसा कुठला ते. ‘पंचवीस-पंधराचा’ असेल (लेखाशीर्ष 2515, ग्रामविकास विभागाच्या मूलभूत सुविधा) तर गावनिहाय कामांची यादी जोडलेला शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. निर्णयाच्या संगणक संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, त्यामुळे शोध सोपा जातो. आमदार निधी असेल (वर्षाला 5 कोटी) किंवा जिल्हा वार्षिक योजना असेल, तर यादी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. बरेच अर्ज इथेच मरतात. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नका; ‘का’ला उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, असे:

“विषय: (गाव ते गाव) रस्ता, साखळी क्र. 1/200 ते 2/700. कालावधी: 1-4-2024 ते अर्जाच्या तारखेपर्यंत. प्रती द्याव्यात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल. प्रती घेण्याआधी मूळ अभिलेखांची पाहणी करायची आहे.”

साखळी क्रमांक म्हणजे किलोमीटर आणि मीटर, फलकावर असतो. तो लिहिला नाही तर ‘माहितीचा बोध होत नाही’ असे उत्तर येते. पाहणीचा पहिला तास फुकट, प्रत दोन रुपये पान. आधी पाहणी केली की तीनशे पानांऐवजी कामाची वीसच पाने घेता येतात.

हातात आल्यावर मोजमाप पुस्तिका आणि टेप घेऊन रस्त्यावर जा. पुस्तिकेत थर आणि लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते: समजा 75 मिमी बीबीएम (खडी-डांबराचा जाड थर), वर 20 मिमी कारपेट (डांबराचा पातळ थर), सीलकोट (शेवटचा लेप). रुंदी 3.75 मीटर लिहिली असेल तर तीन ठिकाणी मोजा. गावालगत अतिक्रमणाने रस्ता तीन मीटरवर आलेला असतो आणि पुस्तिकेत मात्र पूर्ण रुंदी. दीड किलोमीटरला पाऊण मीटर कमी म्हणजे 1,125 चौरस मीटर डांबर कागदावरच. जाडी बघायला स्वतः पहार घालू नका, सरकारी मालमत्तेचे नुकसान म्हणून उलट तुमच्यावरच येईल. साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचा हक्क माहिती अधिकाराच्या कायद्यातच आहे, तो वापरा. कार्यारंभ आदेशात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपायच्या आत लेखी तक्रार गेली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने.

30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील, 20 रुपयांचा स्टँप लावून. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती फुकट द्यावी लागते, हे अपिलात लिहायला विसरू नका. दुसरे अपील 90 दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. तिथे रांग लांब आहे, म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलाच्या सुनावणीत लावा.

ज्या पक्षाला मत दिले तो आमदार दुसरीकडेच गेला. त्याला परत बोलावता येईल का? निदान ‘नोटा’ने काही होते का?
— मतदार, कोल्हापूर

आमदाराला परत बोलावण्याची तरतूद कायद्यात नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचापुरते थोडेसे आहे: सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो.

‘नोटा’चे उत्तर निवडणुकीवर अवलंबून. विधानसभा-लोकसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला: ‘नोटा’ पहिला आला तर पुन्हा निवडणूक. म्हणजे नगरसेवकाच्या निवडणुकीत त्या बटणाला जे वजन आहे, ते आमदाराच्या निवडणुकीत नाही.

पक्षांतराचा कायदा राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत असल्याने विधानसभेला तो बदलता येत नाही. निवेदन खासदाराला द्या. मागणी नेमकी ठेवा. आमदाराच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी किती दिवसांत द्यायचा हे अनुसूचीत लिहिलेलेच नाही. जून 2022 मधल्या शिवसेनेच्या फुटीवरच्या अपात्रता याचिकांचा निकाल अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 ला दिला, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2023 च्या निकालानंतर. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच तीन महिन्यांची वाजवी मुदत सुचवली होती, आणि हा अधिकार स्वतंत्र लवादाकडे द्यावा का याचा संसदेने विचार करावा असेही म्हटले होते. या दोन वाक्यांचे पत्र चार पानी निषेधापेक्षा उपयोगी.

तोवर हातात एक गोष्ट आहे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख आहे आणि निकालापासून 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब द्यावा लागतो. हा हिशोब मतदाराला बघता येतो, प्रत मिळते. प्रचारात किती मंडप आणि किती गाड्या होत्या हे तुम्ही गावात पाहिलेले असते; फोटो तारखेसह जपून ठेवले असतील तर ताळा करता येतो. हिशोब वेळेत किंवा नियमाप्रमाणे दिला नाही तर भारत निवडणूक आयोग उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, त्यामुळे मोठ्या सभेचे बिल उमेदवाराच्या हिशोबात दिसले नाही की आधी ते पक्षाच्या नावावर टाकले आहे का ते बघा.