हे खरे आहे काय?

(आमदारांचा स्वीय सहायक म्हणून तेवीस वर्षं मुंबई-नागपूर केलं. आता अमळनेरला घरी असतो. अधिवेशन, समित्या, प्रश्न यांबद्दल वाचकांची पत्रं येतात, त्यांतल्या चारांना ही उत्तरं.)

प्रश्न : आमच्या गावाची संध्याकाळची एस.टी. सहा महिन्यांपासून कधी येते, कधी येत नाही. कॉलेजच्या मुली स्टँडवर अडकून पडतात. आमदारांना दोनदा निवेदन दिलं, फोटोही काढला. 'अधिवेशनात प्रश्न लावतो' म्हणाले. प्रश्न लावून गाडी येते का?
– एक पालक, शिंदखेडा तालुका

भाऊ, तुमच्या निवेदनाची पहिली ओळ मी न बघता सांगतो : 'एस.टी. सेवेची दुरवस्था झाली असून प्रवाशांचे हाल होत आहेत.' बरोबर? हीच ओळ प्रश्नात गेली, तर उत्तरही मला पाठ आहे. आपल्याकडे विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. (१) अमुक झाले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, कोणती कारवाई केली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खात्याला पहिल्या कलमापुढे 'हे खरे नाही' लिहिता आलं, की बाकीच्या तिन्हींपुढे 'प्रश्न उद्भवत नाही'. हाल, दुरवस्था, गैरसोय हे शब्द नाकारायला फार सोपे.

हे मी हात पोळून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्राबद्दल असाच 'रुग्णांची गैरसोय' छाप प्रश्न लिहिला. उत्तर आलं, हे खरे नाही. त्या गावचे आप्पा छापील यादी हातात धरून मला म्हणाले, "मंग काय आम्हीच खोटा का?" पुढच्या अधिवेशनाआधी मी स्वतः तिथं गेलो. डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. लशींचा फ्रीज बंद, आणि त्यात सिस्टरचा जेवणाचा डबा; मुंग्या लागू नयेत म्हणून. बिचारी एकटी बाळंतपणं करत होती, तिला काय बोलणार. हजेरीपटावरून तारखा उतरवल्या आणि नवा प्रश्न लिहिला : 'अमुक तारखेपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन्ही पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय'. उत्तर : 'होय, हे खरे आहे.' एकदा 'होय' आलं की खालच्या कलमांपासून सुटका नाही. डॉक्टर यायला त्यानंतरही चार महिने लागले, ते सोडा.

तेव्हा एक वही करा. महिनाभर रोज लिहा : तारीख, गाडीची वेळ, आली की नाही, किती मुली थांबल्या. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. शाळा-कॉलेजातून अशा पासधारक मुलींचा आकडा घ्या. गाडी नसेल तर तो पास म्हणजे नुसता पुठ्ठा, हे आकड्यानं दिसतं. आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसली तर 'अशी तक्रार प्राप्त नाही' हे वाक्य तयारच असतं. हे सगळं घेऊन आमदारांना नव्हे, त्यांच्या सहायकाला भेटा. प्रश्न रात्री अकरा वाजता आमदार निवासात बसून आम्हीच लिहायचो.

तारांकितचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, हट्ट धरू नका. तोंडी उत्तराला बहुतेक दिवशी पाच-सहा प्रश्न पोचतात आणि प्रश्नोत्तराचा तास संपतो. तुमचा अडतिसावा असला तर छापील उत्तरावरच भागवायचं. तारांकितचं खरं बळ उपप्रश्नात, पण त्यासाठी पाळी यावी लागते. नुसती माहिती हवी असेल तर अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, बरा.

आता, गाडी येते का? माझ्या अनुभवात पुष्कळदा उत्तराच्या आधी येते. प्रश्न खात्यात पोचला की मंत्रालयातून विभाग नियंत्रकाला फोन, तिथून आगाराला. 'हे खरे नाही' असं लिहिता यावं म्हणून गाडी सोडतात! मग उत्तर तसं आलं तरी मनाला लावून घेऊ नका, आणि वही मात्र चालू ठेवा. अधिवेशन संपलं की गाडी पुन्हा रुसते.

प्रश्न : पंचायत राज समिती येणार म्हटलं की शाळा रंगवतात, विश्रामगृहावर पंगती उठतात, समिती जाते. याचा उपयोग काय?
– एक निवृत्त ग्रामसेवक, चोपडा

नाना, खापरावरच्या पुरणपोळ्या मीही खाल्ल्यात, खोटं कशाला बोलू. पण ही जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी आमदारांची समिती; तुम्ही तिचा दौरा पाहिला, साक्ष पाहिली नाही. सभागृहात खात्याच्या वतीनं मंत्री बोलतो. समितीपुढे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी बसतात आणि लेखापरीक्षणाच्या एकेका आक्षेपाला त्यांना स्वतः उत्तर द्यावं लागतं. पत्रकार नसतात, त्यामुळे भाषणं नसतात; सत्तेतला आणि विरोधातला आमदार एकाच कागदावर बोट ठेवतात. एका जिल्ह्यात टँकरचं लॉगबुक मागवलं होतं. एका सदस्यानं चष्मा वर केला आणि विचारलं, "साहेब, जूनच्या एकतीस तारखेला हा टँकर कुठल्या गावाला गेला?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

दुखणं पुढे आहे. अहवाल सभागृहात येईपर्यंत अधिकारी बदलून गेलेला असतो. म्हणून मला आश्वासन समिती जास्त जवळची वाटते. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाले, की त्याची तिथं नोंद होते आणि ते पुरं झालं का, याचा पाठपुरावा होतो. तुमच्या गावाबद्दल मंत्र्यांनी काही कबूल केलं असेल, तर ते कामकाजातून शब्दशः उतरवून आमदारांकडे द्या.

प्रश्न : आमच्या स्टेशनवर गाडीला थांबा हवा. आमदारांकडे जावं का?
– एक प्रवासी, पाचोरा

ताई किंवा दादा, रेल्वे केंद्राची. आमदार पत्र देतील, पेपरात छापून येईल, गाडी सुसाट जाईल. खासदारांकडे जा, जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार असे खानदेशाला चार आहेत. लोकसभेत पूर्ण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि दिवसाला २० तारांकित, २३० अतारांकित एवढेच प्रश्न घेतात. धीर मात्र हवा. मनमाड–इंदूर मार्गाचं नाव मी वडिलांच्या तोंडून ऐकत मोठा झालो. ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये.

प्रश्न : प्रश्न लावायला पैसे द्यावे लागतात, असं एकानं सांगितलं. खरं का?
– एक विद्यार्थी, जळगाव

अजिबात नाही. जो मागेल त्याच्याकडून उठून या. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेनं ११ खासदारांना घरी पाठवलं; लोकसभेचे १०, राज्यसभेचा एक. त्यांतले दोघे आपल्याच जिल्ह्यातले होते, तेव्हाच्या जळगाव आणि एरंडोल मतदारसंघांचे. ती बातमी फुटली तेव्हा मी नागपुरात होतो, हिवाळी अधिवेशनाला. भरिताची वांगी घेऊन गेलो होतो, दरवर्षीसारखी. आठ दिवस विदर्भातले सहायक जेवताना मला विचारायचे, "काय पाटील, जळगावला केळीचा भाव काय, अन् प्रश्नाचा काय?"