दोन सॉफ्टवेअर कंपोनंट एकमेकांशी जुळतील का, हे जोडायच्या आधीच कागदावर तपासता येतं का?

येतं भाऊ, आणि तपासाच. फंक्शनचं नाव जुळलं, डेटाचा टाईप जुळला म्हणजे झालं असं नसतं, कोण कोणाला कधी काय पाठवतो तो क्रम जुळावा लागतो आणि तो बहुतेक वेळा कुठे लिहिलेलाच नसतो.

जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगसाठी मी गाड्या तोलायच्या काट्याचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर जोडलं होतं. काटा आधी भरल्या गाडीचं वजन पाठवतो, कापूस खाली झाला की मोकळ्या गाडीचं. बिलिंग भरलं वजन घेऊन ग्रेडरच्या, म्हणजे कापसाची प्रत बघून भाव ठरवणाऱ्याच्या, भावाची वाट बघत थांबतं, त्यानंतरच मोकळं वजन घेतं. दोघांच्या टेस्ट वेगवेगळ्या पास. दिवाळीनंतर आवक वाढली, एक पिकअप भाव टाकायच्या आधीच खाली होऊन काट्यावर आली, वजन गेलं आणि बिलिंगने ते सोडून दिलं. शेतकरी खिडकीशी उभा, पावती निघेना, आणि त्याचा कापूस तोवर ढिगात मिसळून गेलेला, ते मला अजून टोचतं.

यासाठीच इंटरफेस ऑटोमेटा आहेत, म्हणजे कंपोनंट कधी काय घेतो आणि पाठवतो याच्या आकृत्या, लुका दे आल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर या संगणकशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये मांडलेल्या. प्रत्येक कंपोनंटच्या स्टेट, म्हणजे तो ज्या ज्या अवस्थेत असू शकतो त्या, काढायच्या, एका स्टेटमधून दुसरीत जाणाऱ्या बाणावर इनपुट की आउटपुट ते लिहायचं, मग दोघांच्या स्टेटच्या जोड्या लावायच्या. एक पाठवतोय आणि दुसरा त्या स्टेटला घेऊच शकत नाही, ती जोडी एरर. तिथून उलटं मागे यायचं, कंपोनंट आपणहून एररकडे जाऊ शकतो अशा सगळ्या जोड्या खोडायच्या, बाहेरच्या इनपुटशी मात्र थांबायचं, कारण ते द्यायचं की नाही हे बाहेरच्याच्या हातात असतं. सुरुवातीची जोडी उरली तर जुळतात.

आमच्यात ती उरते! गाडी काट्यावर येणं हे बाहेरचं इनपुट आहे ना, म्हणजे दोघं जुळतात पण एका अटीवर, भाव पडल्याशिवाय गाडी परत काट्यावर घ्यायची नाही. ही अट आकृतीतूनच निघते, हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लिंच आणि टटल या संशोधकांच्या 1987 च्या आय-ओ (इनपुट-आउटपुट) ऑटोमेटा या जुन्या पद्धतीत प्रत्येक इनपुट कुठल्याही स्टेटला घ्यावंच लागतं, त्यामुळे तिथे लवकर आलेल्या वजनाचं काय करायचं ते आधीच ठरवावं लागलं असतं.

सीझनच्या गर्दीत ती अट पाळली जाणार नव्हती, म्हणून आम्ही शेवटी बिलिंगमध्येच एक स्टेट वाढवली, मोकळं वजन आधी आलं तर ठेवून घ्यायचं आणि भाव आला की पावती काढायची.

टूल हवं तर स्पिन घ्या, अशा आकृत्यांतले सगळे क्रम आपोआप तपासणारं, फुकट आहे. फक्त त्यात शून्य बफरचा चॅनल, म्हणजे निरोप मध्ये साठवून न ठेवणारा, ठेवला तर समोरचा घेईपर्यंत पाठवणारा गुपचूप थांबून राहतो, ही चूक दिसणारच नाही.