मुलगा अठरा वर्षांचा झाला, आता त्याच्यावर 'पिटा'ची केस होईल का?

प्रश्न: मी शरीरविक्रीचा धंदा करते. नवरा नाही. मुलगा गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम करतो. मुलगी सातवीत आहे. आमच्या गल्लीत येणारा हवालदार म्हणतो, "पोरगा सज्ञान झाला, तुझ्या पैशावर जगतोय, पिटात आत टाकीन. नाहीतर महिन्याला तीन हजार दे." मुलीलाही उचलून संस्थेत टाकू म्हणतो. मुलगा घर सोडून जातो म्हणतोय. खरंच केस होते का? हे पत्र त्यानेच लिहून दिलंय.

उत्तर: ताई, तुमच्या शहराचं नाव मुद्दाम छापलेलं नाही.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. हवालदार ज्याच्या जोरावर धमकावतोय ते कलम कायद्यात आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, १९५६, म्हणजे तुमच्याकडे ज्याला पिटा म्हणतात, त्याचं कलम ४. अठरा वर्षांवरचा माणूस दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून, पूर्ण किंवा थोडाफार जगत असेल, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमाचा दुसरा भाग तुमच्या मुलासाठी जास्त अडचणीचा आहे. धंदा करणाऱ्या बाईसोबत सज्ञान माणूस राहतो एवढं सिद्ध झालं, की तो तिच्या कमाईवर जगतो असं न्यायालय धरून चालतं. तसं नाही, हे दाखवायचं काम त्याच्यावर येतं.

दलाल आणि बाईला मारून पैसे काढून घेणारे लोक पकडायला केलेलं हे कलम आहे. पण लिहिताना पोटच्या मुलांना त्यातून वगळलं नाही. आईच्या हातचं जेवून कॉलेजला जाणारा मुलगा आणि दलाल एकाच ओळीत उभे राहतात. हा अन्याय आहे, कायदा बदलायलाच हवा. तोवर मात्र आहे त्या कायद्यातच मुलाला जपायचं आहे, आणि ते जमण्यासारखं आहे.

त्याचा बचाव त्याच्या स्वतःच्या कमाईत आहे. मेडिकलवाल्याकडून पगार रोख घेऊ नका, त्याच्या बँक खात्यावर घ्या. कामावर असल्याचं पत्र, कॉलेजची फी कुठून भरली त्याच्या पावत्या, शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिचे कागद, कॉलेजातल्या हजेरीचा दाखला, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि त्याच्या झेरॉक्स घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे द्या.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, कारण अशा घरांत हे सर्रास चालतं. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं तेव्हा ते कुणाच्या नंबरवर जातात? मुलाच्या असतील, तर आजच थांबवा. बँकेचा उतारा पोलिसांच्या हातात पडला तर त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तोच ठरेल. खोलीचा भाडेकरारही त्याच्या नावावर करू नका. त्या जागेला पोलिसांनी कुंटणखाना ठरवलं, तर भाडेकरू म्हणून त्याच्यावर कलम ३ येऊ शकतं आणि ते याहून जड आहे.

स्वतःचं खातं उघडायला तुमच्याकडे आधार नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात त्याची वाट करून दिली आहे. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि तुमचा व्यवसाय गुप्त ठेवायचा असतो. तुमच्या वस्तीत तपासणीसाठी येणाऱ्या संस्थेच्या ताईंना हे विचारा.

याच आदेशाबद्दल वस्तीत एक गैरसमज आहे. "कोर्टाने सांगितलंय, पोलीस हात लावू शकत नाहीत," असं बायका म्हणतात. तसं नाही. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या ज्या शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतली नाही, तेवढ्याच लागू झाल्या. पोलिसांनी तुमच्याशी सन्मानाने वागावं, शिवीगाळ किंवा मारहाण करू नये, ही शिफारस त्यात आहे. धाडीत बाईला अटक करू नये, ही त्यात नाही. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये म्हटलं आहे. तरी सार्वजनिक जागेजवळचा धंदा आणि गिऱ्हाइकाला हाक मारणं यांची कलमं अजून आहेत.

हवालदाराला मात्र एकट्याच्या मनाने पिटाखाली अटक करता येत नाही. कलम १४ नुसार विनावॉरंट अटक विशेष पोलीस अधिकाऱ्याने करायची, किंवा त्याच्या आदेशाने, देखरेखीत किंवा पूर्वपरवानगीने. हा अधिकारी निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसतो. त्यातून गुन्हा नोंदवलाच, तरी शिक्षा दोन वर्षांपर्यंतचीच असल्यामुळे तो जामीनपात्र आहे. जामीन हा मुलाचा हक्क आहे, ठाण्यातच मिळायला हवा. चौकशीची नोटीस आली तर टाळू नका. वकिलाला घेऊन जा.

तीन हजार देऊ नका. आज तीन दिले की दिवाळीला पाच होतील आणि मुलावरची टांगती तलवार तशीच राहील. ही सरळ लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा, पैसे देण्याआधी केलात तर उत्तम. जबरदस्तीने दिलेच असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करा, म्हणजे लाच दिली म्हणून तुमच्यावर गुन्हा येत नाही. तो कधी आला, काय बोलला, सोबत कोण होतं, हे मुलाला वहीत तारखेसह लिहायला सांगा.

मुलीचं म्हणाल, तर तिला उचलून परस्पर संस्थेत टाकायचा अधिकार कुठल्याच पोलिसाला नाही. ताब्यात घेतलं तर चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. निर्णय समिती घेते, तुमचं आणि मुलीचं ऐकून. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. पण समिती एक गोष्ट नक्की विचारेल: धंद्याच्या वेळी मुलगी कुठे असते? त्याचं ठाम उत्तर तुमच्याकडे हवं. मुंबईत कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' संस्थेने १९८८ मध्ये अशा मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं, नंतर इतर ठिकाणीही अशी केंद्रं निघाली. तुमच्या शहरात असेल तर तिचं नाव घाला. नसेल तर वसतिगृह बघा. तिचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड आणि तुम्ही आई असल्याचे कागद एकत्र ठेवा.

मुलाने घर सोडावं का? कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर जरूर जावं. वेगळा पत्ता झाला की कलम ४ मधलं ते गृहीतकच सैल पडतं, आणि अभ्यासालाही बरं. पण एका रात्रीत कपडे गुंडाळून पळून जाऊ नये. फी आणि जेवणाची सोय ठरवून जावं, आणि आईला भेटायला यावं. भेटायला येणं गुन्हा नाही.

या सगळ्यासाठी वकिलाचे पैसे लागणार नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. या आठवड्यातच मुलाला सोबत घेऊन जा आणि हवालदाराची तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या नावे तिथूनच लिहून घ्या. पोहोच घ्यायला विसरू नका.