मांजर पाळल्याने एकटेपणा खरंच कमी होतो का? आणि माणूस म्हणून आपल्यात काही बदल होतो का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्यात एकट्या राहता, संध्याकाळी कुलूप उघडलं की घर खायला उठतं, आणि मैत्रीण म्हणते, मांजर पाळ. मनाला खरंच बरं वाटतं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर हो असं आहे. फक्त आपण ज्या कारणाने बरं वाटेल असं धरून चालतो, त्याहून मोठं कारण वेगळंच निघतं.

आपल्या डोळ्यांसमोर असतं ते मांडीत येऊन बसणारं मांजर. तेही सुख आहेच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना दहा मिनिटं मांजरं-कुत्री प्रत्यक्ष कुरवाळू दिली, काहींना दुसऱ्यांना कुरवाळताना नुसतं बघायला लावलं, काहींना फोटो दाखवले. ज्यांनी स्वतः हात फिरवला त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, बाकीच्यांपेक्षा कमी आढळलं. मात्र हा दहा मिनिटांचा गुण झाला. त्याने मुरलेली उदासी जाते, असा अर्थ मी तरी काढणार नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात चिंगी आली ती आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. जिन्याखाली भिजत बसलेलं पिल्लू शेजारच्या काकूंनी आणून दिलं. बाबा तेव्हा जवळजवळ बोलायचेच नाहीत. वाढलं की जेवायचे, मग आवाज बंद करून टीव्ही बघत बसायचे. मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, ‘ठीक आहे.’ चिंगीने त्यांना कसं वाटतंय ते कधी विचारलं नाही. उजाडलं की ती त्यांच्या उशाशी बसून ओरडायला लागायची, आणि ‘थांब गं बाई, देतोय’ म्हणत बाबांना उठावंच लागायचं. घरात सकाळी उमटणारा पहिला आवाज तो. मग मासळीवाल्या मावशींशी बोलणं सुरू झालं. चष्मा लावून, ओट्याशी उभं राहून, बिनमिठाच्या उकडलेल्या बांगड्याचा एकेक काटा काढण्यात त्यांचा अर्धा तास जायचा. अशाच एका संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं, ते चिंगीला सांगत होते, ‘ती असती ना, तर तुला ओट्यावर पाय ठेवू दिला नसता.’ आई गेल्यावर त्यांनी आपणहून काढलेला तिचा तो पहिला विषय. तो माझ्याशी निघाला नाही, मांजराशी निघाला, याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

तेव्हा मला वाटतं, आधार मिळतो तो दुसऱ्या कुणाचं तरी पोट आपल्यावर अवलंबून असण्यातून. दिवसाला बांधणी येते. तुमच्या बाबतीत कुलूप उघडायच्या आधीच दारामागे कुणीतरी कान टवकारून बसलेलं असेल.

आता बदलाचं. मांजर हुकमी नसतं. शेपटीचं टोक फटकारू लागलं, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, की त्याचा अर्थ ‘आता पुरे’. तिथे हात थांबवायचा. हे रोज करता करता आपली नजर बदलते. समोरच्याने ‘नको’ म्हणायच्या आधीच त्याचं नको दिसायला लागतं. बाबांच्या गप्प बसण्यातही फरक असतात, एक थकल्याचं गप्प आणि एक दुखावल्याचं, हे मला चिंगीबरोबर राहून कळायला लागलं. आणि ती आपल्या पायाने येऊन शेजारी बसते तेव्हा त्या जवळिकीची किंमतही वेगळी वाटते.

एक करून बघा. मांजर शांत बसलेलं असताना त्याच्याकडे बघत डोळे हळूच बारीक करा, क्षणभर मिटा, सावकाश उघडा. २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की मांजरं याला तसंच उत्तर देतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही जास्त वेळा जातात. चिंगी रोज देते.

‘कुत्रं माणसाला लागतं, मांजर घराला’ असं आपल्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात पिल्लांना दोन मिनिटं एकटं ठेवून मग सांभाळणाऱ्या माणसाला परत आत पाठवलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं त्या माणसाला भेटून सैलावली आणि पुन्हा आपली खोली हुंगायला लागली. त्यांना धीर आला तो माणसामुळे.

काही गोष्टी मात्र निक्षून सांगते. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टर. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मांजर त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरं, मांजर दुखणं लपवतं. वेदना होत असतानाही ते घुरघुरतं, त्यामुळे घुरघुर ऐकून निश्चिंत राहू नका. दिवसभर खाल्लं नाही तर दाखवून आणा. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, नाहीतर जीव जातो. आपली पॅरासिटामॉलची गोळी त्यांना विष आहे. कांदा-लसूण घातलेलं काही द्यायचं नाही. मोठ्या मांजरांना बहुधा दूधही पचत नाही. रेबीजची आणि मांजरांची तिहेरी लस, योग्य वयात नसबंदी, खिडक्या-बाल्कनीला जाळी, एवढा खर्च आधीच धरा.

विकत घेऊ नका. तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादं पिल्लू असेल, किंवा प्राणिमित्र संस्थेकडून घ्या. दिवसभर ऑफिसात असाल तर एकाच वेतातली दोन घेतलेली बरी, एकमेकांना सोबत होते.

आणि दिवाळीला गावी गेल्यावर काय, हे आत्ताच ठरवा. मांजराला प्रवास सहसा मानवत नाही. रोज घरी येऊन खाणं-पाणी आणि ट्रे बघणारं कुणीतरी हवं. मैत्रिणीलाच विचारा. ती तुमच्या घराची किल्ली ठेवून घ्यायला तयार असेल, तर या महिन्यात पिल्लू बघायला लागा.