उताऱ्यात आहे तेवढंच

प्रश्न : एमपीएससीची तयारी करते आहे. सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि तर्कावरच्या पेपरात, ‘पुढीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो’ या प्रश्नांत दोन पर्यायांपर्यंत पोचते आणि तिथे हमखास चुकते. परवाच्या सराव परीक्षेतला उतारा : ‘१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना राज्याच्या समुद्रात मासेमारीला बंदी असते. बिगरयांत्रिकी होड्यांना ती लागू नाही. एका गावात गेल्या जुलैत विकलेली सगळी मासळी त्याच महिन्यात, राज्याच्या समुद्रात आणि हा नियम पाळून पकडलेली होती.’ पर्याय : (अ) बंदीमुळे माशांच्या प्रजननाला वाव मिळतो. (ब) ती सगळी मासळी बिगरयांत्रिकी होड्यांनी पकडली होती. (क) त्यातली कुठलीही मासळी यांत्रिकी नौकेने पकडलेली नव्हती. (ड) बंदी नसती तर गावात जास्त मासळी विकली गेली असती. मी आधी (अ) धरला, मग (ब) केला. उत्तर (क) दिलंय. (ब) आणि (क) एकच नव्हेत का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नव्हेत. गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे होडीच नाही, तरी मासळी मिळते आणि नियमही मोडत नाही. उताऱ्याने नौकांचे दोन प्रकार सांगितले. मासे पकडण्याचे सगळे मार्ग सांगितले नाहीत. म्हणून (ब) कदाचित खरा असेल, पण तो खरा असलाच पाहिजे असं नाही. (क) मात्र टाळताच येत नाही.

(अ) किनाऱ्यावरच्या मुलांना जास्त अडकवतो, कारण ते घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि बंदीचा हेतूही तोच आहे. पण उताऱ्यात प्रजननाचा शब्दही नाही. उत्तरं फक्त उताऱ्यावरच आधारलेली असावीत, अशी सूचना यूपीएससीच्या पेपरात छापलेलीच असते. ती अक्षरशः घ्यायची. (ड) मध्ये ‘जास्त’ आलं. तुलनेला उताऱ्यात काहीच नाही, आणि बंदी नसती तरी खवळलेल्या समुद्रात नौका गेल्या असत्या का, हेही नाही.

सराव असा करा. पर्यायातल्या चार गोष्टींवर बोट ठेवा : कोण, किती, केव्हा, कशामुळे. प्रत्येकीसाठी उताऱ्यातलं वाक्य सापडलं पाहिजे. एकीलाही आधार नसेल तर पर्याय गेला. उरलेल्याचा नकार करून पाहा. ‘थोडी मासळी यांत्रिकी नौकेने पकडली होती’ म्हटलं की उताऱ्याशी थेट भांडण होतं, म्हणून (क) पक्का. (ब)चा नकार उताऱ्याशेजारी सुखाने नांदतो.

क्लासमध्ये ‘सगळे, फक्त, कुठलाही नाही असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय खोडा’ असं सांगतात. त्यावर विसंबू नका. (क) स्वतःच टोकाचा आहे. उताऱ्यात ‘सगळी’ आहे म्हणून तो टिकतो.

प्रश्न : ‘एका संस्थेच्या हापूसपैकी निर्यातीचा वाटा ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आला.’ मी ‘निर्यात घटली’ निवडलं, ते चूक कसं?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : एकूण पेट्या दिलेल्या नाहीत म्हणून. आधी १,००० पेट्या असतील तर निर्यात ४००. पुढच्या वर्षी १,५०० झाल्या तर ३० टक्के म्हणजे ४५०. वाटा घटला, पेट्या वाढल्या. एकूण माल एक-तृतीयांशाहून अधिक वाढला की या आकड्यांत निर्यात वाढलेलीच असते. ‘निर्यात न झालेल्या मालाचा वाटा वाढला’ एवढाच निष्कर्ष निघतो.

प्रश्न : निष्कर्ष आणि गृहीतक यांत माझा गोंधळ होतो.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नकाराची चाचणी दोन्हीकडे चालते, फक्त काय मोडतं ते बघायचं. निष्कर्ष नाकारला तर उतारा खोटा पडतो. गृहीतक नाकारलं तर उताऱ्यातली वाक्यं तशीच राहतात, लेखकाचा युक्तिवाद ढासळतो. ‘रस्ता झाल्यावर गावात पर्यटक वाढले, म्हणजे ते रस्त्यामुळेच वाढले.’ आता म्हणा, त्याच महिन्यात किल्ल्यावर जाणारी बोटही सुरू झाली आणि पर्यटक तिच्यासाठी आले. रस्ता झाला, पर्यटक वाढले, हे खरंच राहिलं. ‘म्हणजे’ मात्र कोसळलं. ‘दुसरं कारण नव्हतं’ हे इथलं गृहीतक.

प्रश्न : यूपीएससीला दोन पर्याय उरले तर उत्तर द्यावं की सोडावं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : द्यावं. सीसॅटचा प्रश्न अडीच गुणांचा आणि चुकीला एक-तृतीयांश, म्हणजे ०.८३ वजा. दोन पर्यायांवर आणलेल्या दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक आला तरी १.६७ गुण हाती राहतात. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी फायदा शून्य : एका बरोबर उत्तराचे अडीच गुण तीन चुकांत जातात. तो प्रश्न सोडून पुढे चला. ८० प्रश्नांना १२० मिनिटंच आहेत.