अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे गुलामांना स्वातंत्र्य मिळालं का?

सरसकट नाही. युद्ध चालू असतानाच, 1 मार्च 1780 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्याने क्रमिक मुक्तीचा, म्हणजे गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला. पण त्या दिवशी गुलाम असलेला एकही माणूस त्याने थेट सुटला नाही. त्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मतः गुलाम नव्हतं, तरी वयाच्या 28 वर्षांपर्यंत त्याला मालकाकडे राबावं लागे. म्हणजे उमेदीची सगळी वर्षं गेलीच!

खरी सुटका झाली ती नोंदणीच्या अटीतून. मालकाने 1 नोव्हेंबर 1780 पर्यंत गुलामाचं नाव, वय आणि लिंग सरकारदरबारी नोंदवायचं होतं. मुदत चुकली की तो गुलाम मुक्त. काहींनी याच चुकीवर बोट ठेवून कोर्टात स्वातंत्र्य मिळवलं.

पळवाटही होती. बाहेरच्या राज्यातल्या मालकाने गुलामाला इथे सलग सहा महिने ठेवलं तर तो मुक्त होई. म्हणून मालक मुदत भरण्याआधीच त्याला राज्याबाहेर फिरवून आणत. 1788 च्या दुरुस्तीने हे बंद केलं, तरीही राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच राज्यातल्या फिलाडेल्फियात राहत असताना हेच करत होते. त्यांच्या घरातली गुलाम स्त्री ओना जज 1796 मध्ये तिथून निसटली आणि न्यू हॅम्पशायरला पोहोचली. कायद्याने ती मरेपर्यंत फरारीच राहिली.