प्लास्टिकचं वॅगन किट पहिल्यांदाच जोडतोय, रंगवायला एअरब्रश घ्यावा का?

नका घेऊ. पहिल्या वॅगनसाठी तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की भावाने इंग्लंडहून ओओ गेजचं (म्हणजे खऱ्याच्या 1/76.2 आकाराच्या मॉडेल रेल्वेचं) 16 टनी मिनरल वॅगनचं, म्हणजे कोळशाच्या उघड्या वॅगनचं किट पाठवलंय आणि ब्रशचे ओरखडे राहतील अशी भीती वाटतेय. आमच्याकडे माझ्या मावसभावाने, दादाने, हा विषय इतकी वर्षं चघळलाय की लिहिल्याशिवाय राहवेना.

दादाकडे हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश आहे, कंप्रेसर आहे, रंगाच्या बाटल्यांना वेगळं कपाट आहे, आणि त्याच्या वॅगन देखण्या असतात हे मी कधीच नाकारलं नाही. पण गेल्या दिवाळीत ठाण्याला त्याच्याकडे रूळ मांडले आणि त्याची सगळ्यात लाडकी, गंजाचे ओघळ वगैरे काढलेली वॅगन सांध्यावर आली की खाली. परत लावली, परत खाली. तो म्हणे ट्रॅकच खराब आहे. मी ती उचलून टीपॉयच्या काचेवर ठेवली तर तीन चाकं टेकलेली आणि चौथ्याखालून व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत होतं. मग माझी ब्रशने रंगवलेली वॅगन इंजिनच्या पुढे लावून त्याच सांध्यावरून ढकलत नेली, ढकलतानाच वॅगन जास्त उतरतात, ती जरासुद्धा डगमगली नाही. तरी दादा वाकून बघत म्हणतो काय, तर दारावर ब्रशची रेघ दिसतेय.

म्हणून माझं म्हणणं, रंगाचं नंतर बघा, आधी चासी, म्हणजे चाकांचा खालचा सांगाडा. दादा सगळे भाग किटच्या प्लास्टिक चौकटीतून सुटे करण्याआधीच रंगवून मग चिकटवतो आणि घोळ तिथेच होतो, कारण चिकटवायचा सॉल्व्हंट प्लास्टिक विरघळवून जोडतो, मध्ये रंगाचा थर आला की जोड कच्चा. पितळी बेअरिंग आधी बसवा, एक सोलबार (चाकं धरणारी बाजूची पट्टी) चिकटवा, दुसरा चिकटवताना चाकं मध्ये धरून लगेच वॅगन काचेवर ठेवा आणि सॉल्व्हंट ओला आहे तोवर चारही चाकं टेकेपर्यंत हलक्या हाताने दाबा. दोन एक्सलमधलं अंतर 36 मिमी यायला हवं, खऱ्या वॅगनचे 9 फूट. मग रात्रभर हात लावू नका. वजन एक्सलला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे एकूण 50 भरलं पाहिजे. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं मिळतात, ती खालून लावा, किंवा कोळसा भरणार असाल तर त्याखाली लपवा.

आता रंग. भांड्याच्या साबणाने धुवा, राखाडी प्रायमर मारा, मग चपट्या मऊ ब्रशने अ‍ॅक्रिलिक पातळ करून दोन-तीन हात, सगळे एकाच दिशेने, आणि आधीचा पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. ओरखडे घट्ट रंगाने पडतात, त्यात ब्रशचा दोष नसतो. व्हॅक्यूम ब्रेक नसलेली वॅगन राखाडी, असलेली बॉक्साइट म्हणजे तपकिरी-तांबडी. बाजूची तिरकी पांढरी पट्टी विसरू नका, टोकाच्या भिंतीतलं दार कुठल्या टोकाला आहे ते तिच्यावरून कळायचं. डेकल (पाण्याने चिकटवायची अक्षरं-आकडे) ग्लॉस वॉर्निशवर लावा, मॅट त्यानंतर.

राखाडीची नेमकी छटा कुठली यावर दादा तासन्‌तास वाद घालतो. खऱ्या रुळांचे 1435 मिमी 76.2 ने भागले तर 18.83 येतात आणि आपण ओओ वाले 16.5 वर गाड्या चालवतो. रुळांचं एवढं चालवून घेणाऱ्याने छटेसाठी दुसऱ्याची वॅगन नापास करू नये. ब्रिटिश रेल्वेकडे या वॅगन दोन लाखांहून जास्त होत्या, कोळशाने आतून ठेचलेल्या आणि गंजलेल्या, त्यांची एकच छटा कुठून राहणार?

हां, अख्खा रेक रंगवायचा असेल तर एअरब्रशने काम भराभर होतं, ते मान्य. आणि पावसाळ्यात स्प्रेचं वॉर्निश मारू नका, दमट हवेत पांढुरकं पडतं. किट व्हाइटमेटलचं (मऊ पांढरट मिश्रधातूचं) असेल तर वरचा सॉल्व्हंट चालणार नाही, अ‍ॅरल्डाइट किंवा सुपरग्लू घ्या. आणि एअरब्रशसाठी बाजूला काढलेले पैसे असतीलच तर किटमधली प्लास्टिकची चाकं काढून धातूची घाला. दादाला हे मी कितीदा सांगितलंय, त्याच्या वॅगनला अजून प्लास्टिकचीच आहेत.